स्पोर्ट्स कार लीजवर घेताय? सही करण्याआधी एवढा हिशोब घरात मांडा

पेण असो की रोहा, रस्त्यावरून एखादी बुटकी, दोन दारांची, आवाज करत जाणारी गाडी गेली की पोरांच्या माना वळतातच. नवी मुंबईत नोकरी लागलेला, धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदारी करणारा, किंवा आखातातून चार पैसे घेऊन परतलेला तरुण आता हेही बोलतो की गाडी विकत कशाला घ्यायची, लीजवर घेऊ. डाऊन पेमेंट नाही, महिन्याला ठरलेलं भाडं, तीन वर्षांनी गाडी परत, पुन्हा नवीन. आणि घरातल्या मोठ्यांना पटावं म्हणून शेवटचं वाक्य असतं, "अब्बा, हे भाडं आहे, व्याज नाही."

हे वाक्य अर्धंच खरं असू शकतं. कधी भाडं खरंच भाडं असतं, कधी कर्जालाच भाड्याचा सदरा घातलेला असतो. आणि भाडं खरं असलं तरी ते वाजवी आहे की नाही हा प्रश्न उरतोच. आम्ही वर्गात मुलांना नफा-तोटा आणि टक्केवारी शिकवतो. त्याहून अवघड गणित या करारात नाही. फक्त आकडे आपल्यासमोर ठेवले जात नाहीत, ते मागून घ्यावे लागतात. ते कोणते आणि कसे मागायचे, हे या लेखात क्रमाने पाहू.

लीज म्हणजे नेमकं काय

लीज म्हणजे भाडेकरार. गाडी कंपनीच्या मालकीची, वापर आपला, त्या बदल्यात दरमहा भाडं. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मुदत संपली की गाडी परत द्यायची, तेव्हा तिची बाजारात किती किंमत येते ही कंपनीची चिंता. दुसऱ्या प्रकारात भाड्यातूनच गाडीची जवळजवळ पूर्ण किंमत वसूल होते आणि शेवटी गाडी आपल्या नावावर होते. हा दुसरा प्रकार कर्जाच्या फार जवळचा आहे.

आपल्याकडे लीज प्रामुख्याने मोठ्या कंपन्या त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी करत आल्या. २०२० मध्ये मारुती सुझुकीने आणि २०२१ मध्ये महिंद्रा फायनान्सने सामान्य ग्राहकांसाठी मासिक भाड्याच्या योजना आणल्या, तेव्हापासून हा शब्द घराघरात आला. पेण-रोह्यातल्या माणसाचा असा करार बहुतेक वेळा मुंबई-नवी मुंबईच्या एजंटमार्फत किंवा मोबाईलवरूनच होतो. पन्नास पानांचा इंग्रजी करार ओटीपी टाकून दोन मिनिटांत "मंजूर" होतो, आणि भांडण सुरू होतं ते वर्षभराने.

भाडं कसं ठरतं: चार आकडे

एजंट आपल्याला एकच आकडा सांगतो, महिन्याचं भाडं. पण ते भाडं चार आकड्यांतून तयार होतं. गाडी कंपनीला पडलेली किंमत, मुदतीच्या शेवटी धरलेली किंमत, मुदत, आणि गुंतवलेल्या पैशावर कंपनीने लावलेला दर. हे चारही आकडे कागदावर मागा. जो देत नाही त्याच्याशी पुढे बोलू नका.

उदाहरण म्हणून मानू की कंपनीला गाडी जीएसटी वगळून ३० लाखांना पडली. ३६ महिन्यांनंतर तिची किंमत १६ लाख ५० हजार धरली. दर वर्षाला १२ टक्के.

आता पहिला भाग. गाडीची किंमत तीन वर्षांत १३ लाख ५० हजारांनी उतरणार. त्याला ३६ ने भागलं की महिन्याला ३७,५०० रुपये.

दुसरा भाग. कंपनीचे पैसे सुरुवातीला ३० लाख अडकलेत, शेवटी १६ लाख ५० हजार. सरासरी २३ लाख २५ हजार. त्यावर वर्षाला १२ टक्के म्हणजे २ लाख ७९ हजार, महिन्याला २३,२५०.

दोन्हींची बेरीज ६०,७५० रुपये. त्यावर जीएसटी. ४० टक्के दराने २४,३०० रुपये. म्हणजे खिशातून जाणार महिन्याला ८५,०५०, आणि ३६ महिन्यांत ३० लाख ६१ हजार ८००. एवढे भरून शेवटी गाडी परत द्यायची आहे. विमा, सर्व्हिसिंग, टायर हे यात धरलेलं नाही.

हा हिशोब अगदी पैशापर्यंत जुळणार नाही, कारण प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते. पण कंपनीने सांगितलेलं भाडं या हिशोबापेक्षा पाच-सात हजारांनी जास्त असेल, तर ते पैसे कशाचे, हे विचारायला आपल्याकडे आधार तयार झाला.

घासाघीस भाड्यावर करू नका, आकड्यांवर करा

"सर, तुमच्यासाठी दोन हजार कमी करतो," असं म्हणून एजंट भाडं उतरवतो आणि मुदत वाढवतो किंवा किलोमीटरची मर्यादा कमी करतो. आपल्याला वाटतं सौदा जिंकला. म्हणून एकेक आकडा वेगळा धरायचा.

पहिला, गाडीची किंमत. शोरूममध्ये रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते ती लीजवाल्यालाही मिळाली पाहिजे. वरच्या उदाहरणात किंमत २ लाखांनी उतरली, तर भाडं महिन्याला सुमारे ६,५५० ने कमी होतं. जीएसटी धरून तीन वर्षांत ३ लाख ३० हजार वाचतात. म्हणून आधी दोन-तीन शोरूममधून रोखीचा भाव काढा, लीजचं नाव नंतर काढा.

दुसरा, शेवटची किंमत. इथे लोक फसतात. ही किंमत जितकी कमी धरली जाईल तितकं आपलं भाडं जास्त. १६ लाख ५० हजारांऐवजी १३ लाख ५० हजार धरले, तर भाडं महिन्याला सुमारे ६,८३० ने वाढतं, आणि जीएसटीसकट तीन वर्षांत जवळजवळ ३ लाख ४४ हजार जास्त जातात. तीन वर्षं जुनी तीच गाडी आज बाजारात कितीला जाते, हे जुन्या गाड्यांच्या दोन व्यापाऱ्यांना विचारलं की अंदाज येतो. स्पोर्ट्स कारला आपल्याकडे गिऱ्हाईक कमी, त्यामुळे तिची किंमत साध्या गाडीपेक्षा लवकर पडू शकते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा, दर. १२ ऐवजी १० टक्के झाला तर महिन्याला ३,८७५ कमी, जीएसटी धरून तीन वर्षांत १ लाख ९५ हजार.

चौथा, सुरुवातीला भरायची रक्कम. डिपॉझिट परत मिळणारं आहे की आगाऊ भाडं म्हणून जाणारं, हे लिहून घ्या. "पाच लाख आधी भरा, भाडं कमी होईल" हे ऐकायला बरं वाटतं. पण गाडी सहा महिन्यांत चोरीला गेली किंवा अपघातात निकामी झाली, तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळणं कठीण असतं. लीजमध्ये सुरुवातीला जितके कमी पैसे अडकतील तितकं बरं.

कराचा भाग: पेणच्या आरटीओपर्यंत

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, त्याहून मोठ्यांना ४० टक्के, विजेवरच्या गाड्यांना ५ टक्के. मे २०२५ मध्ये भारतात आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय सुमारे ५३ लाखांची, दोन लिटर इंजिनाची. असली कुठलीही गाडी ४० टक्क्यांतच बसणार. भाड्यालाही तोच दर लागतो.

इथे एक फरक समजून घ्या. बँकेच्या कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नाही. लीजमध्ये मात्र जीएसटी संपूर्ण भाड्यावर लागतो, म्हणजे कंपनीच्या दराच्या भागावरही. वरच्या उदाहरणात त्या एका भागावरच तीन वर्षांत ३ लाख ३४ हजार ८०० रुपये जीएसटी गेला. म्हणून ४० टक्क्यांच्या गाडीला लीज सहसा महाग पडते. विजेवरच्या गाडीला ५ टक्केच असल्यामुळे तिथे हा फरक फारसा जाणवत नाही.

कंपनीला हेही विचारा की गाडी घेताना भरलेल्या जीएसटीची वजावट तिला मिळते का. मिळत असेल, तर भाड्याचा हिशोब जीएसटी वगळलेल्या किमतीवर झाला पाहिजे. नाहीतर आपण जीएसटीवर जीएसटी भरत बसू.

दुकानदार आणि ठेकेदार भावांसाठी खास सूचना. "तुमचा जीएसटी नंबर आहे ना, मग भाड्यावरचा कर परत मिळेल," असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीच्या खरेदीवर किंवा भाड्यावर ही वजावट मिळत नाही. गाड्यांचा व्यापार, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल असे मोजके धंदे सोडून.

आता नोंदणी. आपल्या भागाची एमएच-०६ नोंदणी पेणच्या आरटीओत होते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के मोटार वाहन कर आहे. कंपनीच्या नावावरची किंवा परदेशातून तयार आलेली गाडी असेल तर २० टक्के. ३० लाखांवर १३ टक्के म्हणजे ३ लाख ९० हजार, २० टक्के म्हणजे ६ लाख. हा २ लाख १० हजारांचा फरक कुणी भरायचा? आरसी कुणाच्या नावावर निघणार यावर ते ठरतं, म्हणून हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

कर वाचवायला काही जण दुसऱ्या राज्याची पाटी असलेली गाडी देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार अशी गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तो खर्च कंपनीचा असेल, असं करारात लिहून घ्या.

आपले रस्ते, आपला पाऊस

लीजच्या करारात वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा असते, आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला दंड. पेणहून पनवेलला रोज ये-जा केली तर साधारण ७० किलोमीटर होतात. महिन्याला २५ दिवस धरले तर वर्षाला २१,००० किलोमीटर फक्त कामाचे. रोह्याहून जाणाऱ्याचे याच्या दुपटीहून जास्त. त्यात लग्नसराई, श्रीवर्धन-म्हसळ्याचे नातेवाईक, मुंबईची हॉस्पिटलं. मर्यादा १५,००० ची असेल आणि दंड किलोमीटरला १५ रुपये असेल, तर २१,००० चालवणाऱ्याला वर्षाला ९०,००० रुपये जास्त द्यावे लागतील. आधीच जास्त मर्यादेचं भाडं विचारून दोन्ही ताडून बघा.

दुसरी गोष्ट, परत देतानाची तपासणी. स्पोर्ट्स कार जमिनीला लागून चालते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर, मुंबई-गोवा महामार्गावरची वर्षानुवर्षं चाललेली कामं, गावातल्या खडीच्या वाटा. खालचा भाग घासणं, रिम वाकणं, पातळ टायर फुटणं हे व्हायचंच. "साधी झीज" म्हणजे काय आणि "नुकसान" म्हणजे काय, याची यादी करारासोबत मागा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, खालून, आतून तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. परत देतानाही तेच.

तिसरी, पावसाचं पाणी. रोह्यात कुंडलिकेला पूर आला की काय होतं ते आपण सांगायला नको. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा चालू करायला गेलो की पाणी इंजिनात शिरतं. साध्या विम्यात हे इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जास्तीचं कवच लागतं. कोकणात गाडी ठेवणाऱ्याने ते घेतलंच पाहिजे.

विमा: मधली दरी कुणाची?

समजा दीड वर्षाने गाडी चोरीला गेली. विमा कंपनी गाडीची त्या वेळची घोषित किंमत देते. एक ते दोन वर्षं जुन्या गाडीला ही किंमत २० टक्के घट धरून, दोन ते तीन वर्षांना ३० टक्के घट धरून काढतात. लीज कंपनी मात्र स्वतःच्या हिशोबाने उरलेली सगळी रक्कम मागू शकते. या दोन रकमांमध्ये जी दरी राहील ती कोण भरणार? करारात काहीच लिहिलेलं नसेल तर ती आपल्या गळ्यात येण्याची शक्यता जास्त. पूर्ण बिलाची रक्कम देणारं कवच मिळत असेल तर त्याचा भाव विचारा, आणि विम्याचे पैसे आल्यावर आपली जबाबदारी संपली असं कलम मागा.

अजून एक. गाडी कंपनीच्या मालकीची असली तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) नुसार भाडेकराराने गाडी ज्याच्या ताब्यात आहे, त्यालाच त्या गाडीचा "मालक" धरलं जातं. चलान आलं, अपघात झाला, तर "गाडी माझी नाहीच" असं म्हणता येत नाही. घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला, तर कलम १९९ अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. सायलेन्सर बदलणं, गाडी अजून खाली करणं, हे कायद्यातही बसत नाही आणि लीजच्या करारातही नाही.

मध्येच सोडायची वेळ आली तर

नोकरी जाते, आखाताचा व्हिसा संपतो, घरात आजारपण येतं. तेव्हा करार मोडायची किंमत काय? काही करारांत उरलेलं सगळं भाडं एकदम मागितलं जातं. वाजवी करारात दोन किंवा तीन महिन्यांचं भाडं, किंवा उरलेल्या मुदतीनुसार कमी होत जाणारी रक्कम असते. हे कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

भाड्यासाठी आधी घेतलेले चेक हलके समजू नका. चेक परत गेला, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बँकेतून आपोआप जाणारा हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे. म्हणून भावाच्या, मेहुण्याच्या करारावर "फक्त जामीन म्हणून" सही करताना, तो भरू शकला नाही तर आपण भरू शकतो का, हा प्रश्न स्वतःला विचारा. नातं जपायचं असेल तर कधी कधी नाही म्हणणंच बरं.

भाडं आहे, मग सूद नाही ना?

आता घरातल्या मोठ्यांचा प्रश्न. फतवा देणं आमचं काम नाही, ते आपल्या मुफ्ती साहेबांचं. पण त्यांच्यासमोर कोणती माहिती न्यायची, ते सांगता येईल.

फिकहमध्ये भाडेकराराला इजारा म्हणतात. मराठीच्या जुन्या कागदांतही इजारा, इजारदार हे शब्द आहेत. इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानकं ठरवणाऱ्या बहरीनमधल्या आयोफी या संस्थेचं ९ क्रमांकाचं शरिया मानक इजाऱ्याचं आहे. त्याचा गाभा सोपा आहे. जो मालक, त्याच्यावर मालकीची जोखीम. गाडी मालकाच्या ताब्यात आधी आली पाहिजे. भाडं आपल्याला गाडी वापरायला मिळाल्यापासून सुरू व्हावं. वापरातला खर्च, म्हणजे पेट्रोल, साधी देखभाल, भाडेकरूचा. पण गाडीच्या मूळ अस्तित्वाची जबाबदारी, मोठी दुरुस्ती आणि विमा हे मालकाचं. आपली चूक नसताना गाडी नष्ट झाली तर पुढचं भाडं थांबावं. शेवटी गाडी विकत घ्यायची असेल तर तो व्यवहार वेगळा असावा. आणि उशिराचा दंड मालकाच्या नफ्यात जाऊ नये.

आता हाताशी असलेला करार याच्याशी ताडून बघा. गाडी जळाली तरी पूर्ण भाडं द्यायचं, विमा, दुरुस्ती, नुकसान सगळं आपल्यावर, उशीर झाला की दंडावर दंड, आणि शेवटी गाडी आपल्याच नावावर. असा करार नावाने भाडं असला तरी चालीने कर्ज आहे. आखातातल्या इस्लामी बँकांत इजाऱ्याचे करार होतात, तिथे राहिलेल्यांना हे माहीत आहे. आपल्याकडे तशी बँक नाही, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. म्हणून इथला प्रत्येक करार स्वतः वाचणं भाग आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. तोंडी आश्वासनावर गाडी आणणारा दीनचाही आणि दुनियेचाही नियम सोडतो.

गंमत अशी की या कसोट्या लावल्या तर दीनचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी एकच निघतो. जोखीम मालकाकडे असलेला करार आपल्या खिशालाही सुरक्षित असतो.

पांढरी पाटी भाड्याने घेऊ नका

लीज नको, मग दोन दिवस लग्नाला ओळखीच्या कुणाची गाडी भाड्याने घेऊ, असंही चालतं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. तसा परवाना मिळवायला १९८९ च्या योजनेनुसार किमान ५० गाड्या लागतात. याच कारणाने, "तुमची गाडी आमच्याकडे लावा, महिन्याला भाडं घ्या" म्हणणाऱ्यांना परवाना दाखवायला सांगा. लीजवर घेतलेली गाडी तर अशी पुढे भाड्याने देताच येत नाही. ती आपल्याकडे अमानत असते.

तक्रार कुठे करायची

कर्ज घेत असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने किंवा वित्तीय कंपनीने मुख्य माहितीचा एक कागद द्यायचा असतो, ज्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. हा नियम कर्जासाठी आहे, पण लीजवाल्याकडेही तसाच कागद मागा. वित्तीय कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर माहिती मिळते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

करारात "वाद दिल्लीत किंवा गुरुग्राममध्ये लवादापुढे" असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करू शकतो. आपल्यासाठी ते ठिकाण अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. मात्र गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर "ग्राहक" ठरण्यात अडचण येते, स्वतःच्या पोटापाण्याच्या रोजगाराचा अपवाद सोडून. कायद्यात "अन्यायकारक करार" अशीही व्याख्या आहे. अवाजवी डिपॉझिट, नुकसानापेक्षा फार मोठा दंड, एकतर्फी करार रद्द करण्याचा हक्क हे त्यात येतात. ती तक्रार जिल्ह्याऐवजी मुंबईच्या राज्य आयोगाकडे जाते.

सहीआधी विचारायचे दहा प्रश्न

१. गाडीची धरलेली किंमत, शेवटची किंमत, मुदत आणि दर किती?
२. जीएसटी धरून पूर्ण मुदतीत खिशातून एकूण किती जाणार?
३. डिपॉझिट परत कधी आणि कोणत्या कपातीने?
४. आरसी कुणाच्या नावावर, कोणत्या राज्यात, कर कुणी भरायचा?
५. वर्षाला किती किलोमीटर, वरच्या किलोमीटरला किती?
६. साध्या झिजेची यादी कुठे आहे?
७. विमा कुणाचा, इंजिनाचं आणि पूर्ण बिलाचं कवच आहे का?
८. गाडी चोरीला गेली किंवा निकामी झाली तर भाडं थांबतं का?
९. मध्येच सोडलं तर किती?
१०. शेवटी गाडी घ्यायची असेल तर किंमत आजच ठरलेली आहे का?

उत्तरं ईमेलवर किंवा कागदावर घ्या. मग दोन कोष्टकं करा. एकात लीजचा एकूण खर्च. दुसऱ्यात तीच गाडी दोन-तीन वर्षं जुनी, पैसे साठवून रोखीने घेतली तर येणारा खर्च. पहिल्या मालकाने मोठी घट सोसलेली असते आणि नव्या गाडीवरचा जीएसटीही त्यानेच भरलेला असतो. बहुतेक घरांत दुसरं कोष्टक जिंकेल असं आम्हाला वाटतं. पहिलं जिंकलं, महिन्याचं भाडं घरखर्च, मुलांची फी आणि आई-वडिलांची औषधं काढून उरलेल्या पैशातून सहज जात असेल, आणि मुफ्ती साहेबांनीही करार वाचून होकार दिला असेल, तर खुशाल घ्या आणि हळू चालवा.

करार हातात आल्यावर एक रात्र तो घरात ठेवा. ज्याला इंग्रजी चांगलं येतं, मग ती कॉलेजात जाणारी बहीण का असेना, तिने तो मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. एजंट म्हणेल, ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे. त्याला सांगा, उद्या कळवतो.